चासी डर्बीची, बॉडी कोणाचीही: रोल्स-रॉईस नक्की कोणाची?

प्रश्न असा आला आहे: मामांच्या वाड्यात १९३४ ची रोल्स-रॉईस २०/२५ बरीच वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे. एका जाणकारांनी ती पाहून सांगितलं की बॉडी मूळची नाही, मागाहून बदललेली आहे, म्हणून ही 'खरी' रोल्स नव्हे. वर हेही ऐकवलं की ती कंपनी तरी आता कुठे राहिली, जर्मनांनी घेतली, बेंटली वेगळी झाली आणि विमानांची इंजिनं बनवणारी आणखी तिसरीच. मग रोल्स-रॉईस म्हणजे कोण, आणि मामांची गाडी तिची म्हणायची की नाही?

मी पस्तीसेक वर्षं जुन्या गाड्यांची इंजिनं आणि चासी यांचं काम करतो. रंग-पत्रा-सीट यातलं मला फारसं कळत नाही. त्यामुळे माझं उत्तर एकतर्फी वाटेल. पण या कंपनीच्या बाबतीत तीच बाजू खरी आहे असं मला वाटतं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत रोल्स-रॉईस सहसा पूर्ण गाडी विकत नसे. ती चासी विकायची. इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, पुढे रेडिएटर, झालं. बसायची जागासुद्धा गिऱ्हाइकाने दुसरीकडून करून घ्यायची. बार्कर, हूपर, पार्क वॉर्ड, थ्रप अँड मेबर्ली असे घोडागाड्यांच्या काळापासूनचे किंवा त्याच वळणाचे कारागीर लाकडाचा सांगाडा करून त्यावर पत्रा चढवत. मामांच्या गाडीची बॉडी कंपनीची नाही हे बरोबरच आहे. ती कधी कंपनीची नव्हतीच.

हे असं का झालं ते कळायला हेन्री रॉईस हा माणूस समजून घ्यावा लागतो.

१८६३ साली पीटरबरोजवळच्या ऑलवॉल्टन गावात एका पिठाच्या गिरणीवाल्याच्या घरी त्याचा जन्म झाला. धंदा बुडाला, मुलगा नऊ वर्षांचा असताना बाप गेला. रॉईसने वर्तमानपत्रं विकली, तारा वाटल्या. एका मावशीने पैसे भरून त्याला रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारीला लावलं. तिचे पैसे संपले तशी उमेदवारीही अर्धवट सुटली. १८८४ मध्ये मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर त्याने क्लेरमाँट नावाच्या भागीदाराबरोबर दुकान थाटलं. दोघांचं मिळून भांडवल सत्तर पौंड. विजेच्या घंटा, दिव्यांचं सामान, मग डायनॅमो आणि विजेच्या याऱ्या. मोटारीशी काही संबंध नाही. पुढे त्याने एक वापरलेली फ्रेंच देकोविल गाडी घेतली. ती तशी वाईट नव्हती, पण याच्या पसंतीला उतरली नाही. खोलली, प्रत्येक भाग पाहिला, आणि हा भाग याहून चांगला कसा होईल एवढाच विचार करत तीन गाड्या स्वतः बांधल्या. दोन सिलिंडर, दहा अश्वशक्ती. पहिली १ एप्रिल १९०४ ला रस्त्यावर आली.

यात नवा शोध कुठलाच नव्हता. लोक रॉईसला संशोधक म्हणतात ते मला पटत नाही. तो सुधारक होता, आणि हट्टी. जुन्या चासीच्या जोडांवर काम करताना हे हाताला कळतं. जिथे बाकीचे लोखंड तापवून रिव्हेट ठोकत, तिथे याने निमुळते बोल्ट घातले आहेत आणि त्यांची भोकं हाताने रीमर फिरवून तशीच निमुळती केली आहेत. रिव्हेट थंड झाला की किंचित आक्रसतो आणि भोकात कुठेतरी पोकळी राहते. हा बोल्ट आवळला की सगळीकडून बसतो. शंभर वर्षांनी पाना लावावा तर तो जोड अजून तसाच घट्ट. असल्या कामाला वेळ लागतो, पैसा लागतो, आणि विकणारा माणूस वेगळा लागतो.

तो विकणारा म्हणजे चार्ल्स रोल्स. लॉर्डाचा मुलगा, ईटन आणि केंब्रिजमध्ये शिकलेला, सायकल, बलून, मोटार, विमान असा सगळ्याचा नाद. लंडनला परदेशी गाड्या विकायचा आणि विकण्याजोगी इंग्रजी गाडी मिळत नाही म्हणून चडफडायचा. ४ मे १९०४ ला मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात दोघं भेटले. त्याच वर्षी डिसेंबरात करार झाला: रॉईस बनवेल त्या सगळ्या गाड्या रोल्स विकेल, आणि नाव राहील रोल्स-रॉईस. १५ मार्च १९०६ ला कंपनी नोंदली. रोल्सचा सहवास मात्र थोडाच. जून १९१० मध्ये त्याने इंग्लिश खाडी विमानाने न थांबता जाऊन-येऊन पार केली आणि पुढच्याच महिन्यात, १२ जुलैला, बोर्नमथला विमान कोसळून गेला. वय बत्तीस. म्हणजे ज्याचं नाव आधी येतं तो कंपनीत जेमतेम चार वर्षं होता.

कंपनी चालवली क्लॉड जॉन्सनने. रोल्स आणि रॉईस यांच्यामधली ती छोटी आडवी रेघ म्हणजे जॉन्सन, असं तेव्हा गमतीनं म्हणत. १९०६ च्या अखेरीस ४०/५० अश्वशक्तीची नवी सहा सिलिंडरची चासी आली. त्या काळी सहा सिलिंडर म्हणजे डोकेदुखी, लांब क्रँकशाफ्ट (पिस्टनांच्या जोराने फिरणारा इंजिनातला दांडा) थरथरून तुटायचा. रॉईसने तीन-तीन सिलिंडरचे दोन ब्लॉक केले, क्रँक जाड ठेवला आणि त्याला सात बेअरिंगं दिली. जॉन्सनने त्यातली बारावी चासी, नंबर ६०५५१, निवडली, बार्करकडून उघडी बॉडी घेतली, ॲल्युमिनियमचा रंग दिला, दिव्यांना चांदीचा मुलामा दिला आणि पितळी पाटीवर नाव घातलं: सिल्व्हर घोस्ट. १९०७ मध्ये ही गाडी लंडन-ग्लासगो रस्त्यावर खेपा घालत १४,३७१ मैल चालली. आपणहून अशी ती एकदाच थांबली, सुरुवातीच्या ६२९ मैलांवर, कारण पेट्रोलचा नळ हादऱ्याने बंद झाला होता. नंतर सगळ्याच ४०/५० ना लोक सिल्व्हर घोस्ट म्हणू लागले. मूळ नाव त्या एका गाडीचं.

आता आपल्याकडची गोष्ट, जी इथल्याच लोकांना फार कमी माहीत असते. १९०८ साली अशीच एक ४०/५० मुंबईला आणली गेली आणि मुंबई-कोल्हापूर मोटार शर्यतीत उतरवली. एकूण ६२० मैल, वाटेत सह्याद्रीचे घाट. गाडीचं नाव 'पर्ल ऑफ द ईस्ट'. आजच्या हमरस्त्याने कोल्हापूरला जाताना ही कल्पना करून पाहा: खडीचा, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या पडलेला रस्ता, मागच्याच चाकांना ब्रेक, आणि उतारावर इंजिनच्या जोरावर गाडी धरून ठेवायची. गाडी जिंकली आणि ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती घेतली. हिंदुस्थानातल्या संस्थानिकांमध्ये रोल्सचं वेड पसरलं त्यात या घाटांचा वाटा मोठा आहे असं मी मानतो. लंडनच्या जाहिरातीवर कोण विश्वास ठेवतो? खंबाटकीसारखा घाट चढून आलेली गाडी डोळ्यांनी दिसली की गोष्ट वेगळी.

संस्थानिकांचा विषय निघाला की कचऱ्याची गोष्ट येतेच. लंडनच्या शोरूममध्ये अपमान झाला म्हणून अलवरच्या महाराजांनी गाड्या घेतल्या आणि त्यांना झाडू बांधून शहराचा कचरा उचलायला लावला. हीच गोष्ट पतियाळाच्या, भरतपूरच्या, हैदराबादच्या नावानेही सांगतात, यावरूनच काय ते समजावं. तिला कागदाचा आधार नाही. खरी गोष्ट मला त्याहून मजेची वाटते. हैदराबादच्या सहाव्या निजामांनी सिंहासनासारखं उंच आसन असलेली पिवळी रोल्स मागवली; ती हाती पडण्याआधी ते १९११ मध्ये वारले. पुढच्या निजामांनी ती जवळपास वापरलीच नाही. बॉडी बार्करची. म्हणजे ज्याला आपण 'रोल्सचा थाट' म्हणतो तो बहुतेक वेळा गिऱ्हाइकाचा आणि कोचबिल्डरचा, म्हणजे बॉडी बांधणाऱ्या कारागिराचा असे. डर्बीहून येई ती नुसती पट्टीसारखी चासी.

डर्बी म्हणजे इंग्लंडमधल्या त्या गावी १९०८ मध्ये सुरू झालेला कंपनीचा कारखाना. गंमत अशी की रॉईस स्वतः तिथे फार थोडा राहिला. १९११ मध्ये प्रकृती इतकी ढासळली की डॉक्टरांनी आशा सोडली. जॉन्सनने त्याला उचलून दक्षिण फ्रान्सला नेलं. पुढची वीसेक वर्षं रॉईस हिवाळा फ्रान्समध्ये आणि उन्हाळा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर काढून तिथूनच नकाशे आणि चिठ्ठ्या कारखान्याला पाठवत राहिला. मला विचाराल तर गाड्या चांगल्या निघाल्या त्यात याचा हातभार आहे. मालक रोज शॉपमध्ये फिरला असता तर प्रत्येक गाडीत काहीतरी बदलत बसला असता.

रेडिएटरवरची ती पुढे झुकलेली बाई १९११ ची, शिल्पकार चार्ल्स साइक्स. तिच्यामागे लॉर्ड माँटेग्यूंची सेक्रेटरी एलिनॉर थॉर्नटन होती असं मानतात. ३० डिसेंबर १९१५ ला मुंबईकडे निघालेली पर्शिया ही बोट भूमध्य समुद्रात पाणबुडीने बुडवली, त्यात थॉर्नटन गेली. माँटेग्यू वाचले. आणि बोधचिन्हातली अक्षरं लालाची काळी झाली ती रॉईसच्या शोकात, हे जे सांगतात ते खोटं. काळा रंग रॉईस हयात असतानाच ठरला होता. लाल रंग लोकांच्या बॉडीच्या रंगांशी जुळत नसे. रॉईस १९३३ च्या एप्रिलमध्ये गेला आणि दोन्ही गोष्टी लोकांनी जोडून टाकल्या.

पहिल्या महायुद्धात कंपनी विमानांच्या इंजिनांत गेली आणि तिचा जीव हळूहळू तिकडेच सरकला. मोटारींचा भाग नाव राखत होता, पैसा इंजिनांत होता. तरी १९२० आणि ३० च्या दशकांतलं काम बघावं. १९२२ मध्ये छोटी 'ट्वेंटी' आली, डॉक्टर-वकील स्वतः चालवतील अशी. १९२५ मध्ये फँटम. १९२९ मध्ये ट्वेंटीचीच मोठी आवृत्ती २०/२५, ३,६६९ सीसी, १९३६ पर्यंत ३,८२७ चासी. मामांची त्यातलीच एक. १९३६ ला बारा सिलिंडरची फँटम थ्री आली. ती कागदावर सर्वांत भारी, आणि तेल स्वच्छ नसेल तर सर्वांत त्रासदायक: हायड्रॉलिक टॅपेटमध्ये (तेलाच्या दाबावर चालणारे, व्हॉल्व्ह उचलणारे भाग) गाळ बसायचा आणि तो आवाज ऐकून मालकांचा जीव वर-खाली व्हायचा. कंपनीने नंतर साधे टॅपेट बसवले. जरा जास्तच हुशारी झाली की रॉईसचा मूळ नियम मोडतो, एवढं माझं मत. फँटम थ्री बाजारात आली तेव्हा रॉईस नव्हता.

मधल्या काळात १९३१ मध्ये बेंटली बुडाली. डब्ल्यू. ओ. बेंटलीने १९१९ मध्ये काढलेली कंपनी, ल मॉंची शर्यत पाच वेळा जिंकलेली. नेपियर कंपनी ती घेणार असं सगळे धरून चालले होते. ऐनवेळी एका अनोळखी ट्रस्टने जास्त बोली लावून ती सव्वा लाख पौंडांना उचलली. मागे रोल्स-रॉईस होती. प्रतिस्पर्धी विकत घेऊन मिटवणं, दुसरं काही नाही. १९३३ पासून डर्बीत 'बेंटली' बनू लागली ती २०/२५ च्याच घरातली. म्हणजे तुमच्या मामांच्या गाडीची एक धाकटी बहीण बेंटली नावाने फिरते.

युद्धानंतर सगळं बदललं. गाड्या १९४६ मध्ये इंग्लंडमधल्याच क्रू गावच्या कारखान्यात गेल्या, जो मर्लिन विमान-इंजिनांसाठी बांधला होता. आता तयार पोलादी बॉडी घालून पूर्ण गाडी विकायची असं ठरलं, पण तो धोका आधी बेंटलीच्या नावावर घेतला. रोल्सच्या नावाने तशी गाडी १९४९ ची सिल्व्हर डॉन. १९५९ मध्ये ॲल्युमिनियमचं व्ही-८ इंजिन आलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. १९६५ ची सिल्व्हर शॅडो म्हणजे चासीचाच शेवट: बॉडी आणि सांगाडा एकच, सिट्रोएनच्या परवान्याने घेतलेलं हायड्रॉलिक, चारी चाकांना डिस्क ब्रेक. सर्वांत जास्त खपलेली आणि आमच्या लोकांना सर्वांत नकोशी. तिच्या पाइपांचं काम ज्याने एकदा केलं तो दुसऱ्यांदा फोन उचलत नाही.

मग ४ फेब्रुवारी १९७१. विमानाच्या आरबी२११ इंजिनावर इतका खर्च झाला की कंपनी दिवाळखोरीत गेली. ब्रिटिश सरकारने इंजिनांचा भाग ताब्यात घेतला, मोटारींचा भाग बाजूला काढून १९७३ मध्ये वेगळी कंपनी झाली. १९८० मध्ये ती व्हिकर्सकडे गेली आणि १९९८ मध्ये व्हिकर्सने विकायला काढली. बीएमडब्ल्यूने ३४ कोटी पौंड बोलले, फोक्सवॅगनने ४३ कोटी. फोक्सवॅगनला क्रूचा कारखाना मिळाला, बेंटली मिळाली, रेडिएटरचा आकार आणि ती बाईसुद्धा मिळाली. एकच गोष्ट मिळाली नाही: नाव. 'रोल्स-रॉईस' हे नाव आणि बोधचिन्हातले दोन आर विमान-इंजिन कंपनीकडे होते, आणि तिने ते ४ कोटी पौंडांत बीएमडब्ल्यूला वापरायला दिले. घर घेतलं पण दारावरची पाटी दुसऱ्याची, असा प्रकार. शेवटी तडजोड झाली: २००२ संपेपर्यंत क्रूमध्ये रोल्स बनतील, १ जानेवारी २००३ पासून बीएमडब्ल्यू. बीएमडब्ल्यूने गुडवूडला, रॉईस जिथे उन्हाळा काढायचा त्या गावाच्या जवळच, नवा कारखाना बांधून फँटम आणली.

तर 'कंपनी कुठे गेली' याचं माझं उत्तर असं. नाव गुडवूडला आहे. इमारत, कारागीर आणि यंत्रं क्रूला, बेंटलीकडे राहिली. आणि १९५९ चं ते व्ही-८, सुधारत सुधारत, बेंटलीच्या मुलसानमध्ये २०२० पर्यंत बनत होतं. क्रूच्या लोकांच्या हातात एकसष्ट वर्षं एकच इंजिन. वंश मोजायचा तर मी इंजिनाच्या बाजूने मोजतो, त्यामुळे बेंटलीवाले मला जवळचे वाटतात. गुडवूडच्या गाड्या उत्तम आहेत यात वाद नाही. २०२३ पासून तिथून विजेवर चालणारी स्पेक्टरही मिळू लागली. चार्ल्स रोल्सने १९०० सालीच विजेच्या गाडीचं कौतुक केलं होतं: आवाज नाही, वास नाही, फक्त चार्ज करायची सोय हवी. आणि रॉईस तर मुळात विजेच्याच सामानाचा माणूस.

आता मामांच्या गाडीकडे. बॉडी बदललेली असणं हा दोष नाही. १९३०-४० च्या दशकांत बॉडी उतरवून दुसरी चढवणं सर्रास होतं. लाकडी सांगाडा आपल्या दमट हवेत कुजायचा आणि चासी ठणठणीत राहायची. टप असलेली गाडी शिकारीसाठी, बंद गाडी राणीसाहेबांसाठी, आणि चासी तीच. खरं-खोटं ठरवायचं ते नंबरांवर. चासीचा नंबर फायरवॉलवरच्या (इंजिन आणि बसायची जागा यांमधला पत्रा) पाटीवर आणि चासीवरही ठोकलेला असतो. २०/२५ चा नंबर 'जी' अक्षरापासून सुरू होणाऱ्या तीन अक्षरांनी आणि मग आकड्याने बनतो. इंजिनाचा नंबर वेगळा, अक्षर-आकडा-अक्षर अशा धाटणीचा, क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीवर. दोन्ही स्वच्छ पुसून उतरवून घ्या. इंग्लंडमधल्या रोल्स-रॉईस मालकांच्या क्लबकडे मूळ चासी-कार्डं जपलेली आहेत: पहिला मालक, पहिली बॉडी कोणाची, कधी रवाना झाली, त्यात सगळं असतं. कार्डावरचा इंजिन नंबर तुमच्या इंजिनाशी जुळला की ती रोल्स-रॉईस आहे. वर टेम्पोची बॉडी असली तरी. (एक गंमत: आकडा १३ असेल तर आधी पाटीवर संशय घ्या. कंपनी १३ नंबर टाळायची.)

ब्रेकबद्दल एक सावधगिरी. या गाड्यांना सर्व्हो, म्हणजे ब्रेक दाबायला जोर देणारी यंत्रणा, आहे, पण तो गिअरबॉक्समधून फिरतो. गाडी चालती असेल तरच मदत करतो. उताराला उभी गाडी नुसत्या पायावर धरता येईल या भ्रमात राहू नका.

आणि मामांना आजच फोन करून सांगा, बॅटरी जोडून 'बघू तर लागते का' असं कोणी करू नये. माझ्याकडे अशीच एक गाडी उत्साहाच्या भरात सुरू करून मग आणली गेली होती. चिकटलेल्या व्हॉल्व्हनी चार पुशरॉड (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या कांड्या) वाकवले होते आणि वर्षानुवर्षांचा गाळ नव्या डिटर्जंट तेलाने सुटून तेलाच्या वाटा बंद झाल्या होत्या. आधी सगळे प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडा, आठवडाभर तसंच राहू द्या. मग प्लग न लावता हँडलने, हाताने, सावकाश फिरवा. अडलं तर जोर करू नका. फिरलं तर तेलाचं चेंबर खाली उतरवून आतला गाळ खरवडून काढा, ब्लॉकमधलं पाणी सोडून मागच्या सिलिंडरच्या बाजूला साचलेला गंज धुवा, पेट्रोलची टाकी उतरवा. एवढं झाल्यावर पुन्हा विचारा, तेव्हा स्पार्कचं बोलू.